डाव्या वळणावर

गेल्या श्रावणात आमची बुलेट यवतेश्वरच्या घाटात चौथ्यांदा बंद पडली तेव्हा मी तिला जे काही बोललो ते मनातल्या मनातच बोललो, कारण मागे आई बसली होती आणि तिच्या मांडीवर बेलाच्या पानांची पिशवी होती. सोमवार होता. घाट चढताना ते डावीकडचं अंगावर येणारं वळण लागतं ना, जिथून खाली सगळा सातारा दिसायला लागतो, बरोब्बर तिथं. सायलेन्सरमधून एक फुसका बार, आणि मग नुसती चेनची किरकिर आणि वारा. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला, पुढं जाताना वळून बघितलं, आणि बुलेट बंद पडलेली बघून लोकांच्या चेहऱ्यावर जे एक समाधान येतं ते त्याच्याही चेहऱ्यावर आलं.

गाडी 1974 ची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, 1987 साली सेकंडहँड घेतली. शाळामास्तरला बुलेट कशाला असं सगळ्यांनी विचारून झालं होतं म्हणे. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, बॅटरी सहा व्होल्टची. आता पन्नाशी ओलांडली म्हणजे ती कायद्यानंसुद्धा व्हिंटेज होऊ शकते, 2021 साली केंद्रानं तसा नियम केलाय, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झाली आणि गाडी मूळ रूपात असली की नंबरात व्हीए अक्षरं मिळतात. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे दूध आणायला गेलो तर गुन्हा. आणि मूळ रूपाचं म्हणाल तर आमच्या गाडीत मूळ काय राहिलंय हा प्रश्न विचारूच नये, ते पुढं येईलच.

अण्णा जाऊन आठ वर्षं झाली. मधे गाडी पडवीत कापडाखाली होती, उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला होता. दोन वर्षांपूर्वी मी ती पुण्याला नेऊन करून घेतली, इंजिनचं काम गॅरेजला दिलं पण वायरिंग म्हटलं आपण करू. इंजिनिअरिंगची डिग्री आहे, भले ती कॉम्प्युटरची असेल. तीन शनिवार-रविवार घालवले आणि इतकं नीटनेटकं काम झालं की फोटो काढून मित्रांना पाठवले. हे लक्षात ठेवा.

तर दुखणं असं होतं. गाडी घरातून एका किकला सुरू व्हायची, राजवाड्यापर्यंत मस्त, तिथं बेल-फुलं घ्यायची, पुन्हा सुरू, आणि घर सोडल्यापासून साधारण पंधरा मिनिटांनी घाटात बंद. मग दहा-पंधरा मिनिटं खटपट केली की सुरू. घरी येईपर्यंत काही नाही. ज्याला ज्याला सांगितलं तो म्हणाला, गरम झाली की बंद पडते, कॉईल गेली, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी तारेची गुंडाळी. कारण जुन्या गाड्यांच्या कॉईलचं हे ठरलेलं दुखणं आहे, आतल्या तारेचं इन्सुलेशन खराब झालं की थंड असताना चालते, तापली की दम टाकते, निवली की परत चालते. वर्णन तंतोतंत जुळत होतं. जुळत होतं हीच भानगड झाली.

थोडं मागं जाऊन सांगतो, ज्यांनी फक्त सेल्फच्या गाड्या चालवल्यात त्यांच्यासाठी. ह्या गाडीत कुठं इलेक्ट्रॉनिक डबी नाही की सेन्सर नाही. बॅटरीतून करंट निघतो, कॉईलमधून जातो, पॉईंट नावाच्या दोन इवल्याशा टिकल्या असतात त्यांच्यातून अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगात, जातो. टिकल्या चिकटलेल्या आहेत तोवर कॉईलमध्ये चुंबक भरत राहतो. कॅमनं, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या उंचवट्यानं, टिकल्या उघडल्या की करंट तटकन तुटतो, चुंबक कोसळतो आणि त्या कोसळण्यातून सहा व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगला ठिणगी पडते. कंडेन्सरचं काम एवढंच की पॉईंटवर ठिणगी पडू न देता ती प्लगवर पडावी. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसानं 1910 च्या आसपास कॅडिलॅक मोटारीसाठी ही रचना बसवली आणि पुढं साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच्यावर चालल्या. आपली बुलेट तीन हजार आरपीएमला फिरत असली तर हे सगळं सेकंदाला पंचवीस वेळा होतं. आणि टिकल्यांमधली फट किती, तर 0.35 ते 0.40 मिलिमीटर, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. अण्णा फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, नसला की खरंच कार्ड घालायचे, एका एलआयसी एजंटचं कार्ड त्या कामासाठी राखून ठेवलेलं होतं. प्लगची फट हॅक्सॉच्या ब्लेडनं, आणि टायमिंग सिगरेटच्या पाकिटातल्या पातळ कागदानं, कागद टिकल्यांत अडकवून इंजिन हळूहळू फिरवायचं, कागद सुटला तो क्षण म्हणजे पॉईंट उघडायचा क्षण. अण्णा सिगरेट ओढत नव्हते, कागद पानवाल्याकडून मागून आणायचे.

आता माझी अक्कल कशी चालली ते बघा. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी ती ढकलत कडेला घेतली, डबल स्टँडला लावली, पॉईंटचं झाकण काढून पॉलिश पेपरनं टिकल्या घासल्या, किक मारली, सुरू! म्हणजे पॉईंट. दुसऱ्या खेपेला परत तेच, परत घासले, परत सुरू. आता दोनदा एकच औषध लागू पडल्यावर कोणता माणूस शंका घेईल? घासून घासून पॉईंट बिचारे झिजले, मग नवे टाकले. नवे टाकूनही तिसऱ्यांदा बंद, तेव्हा गावातल्या एका मिस्त्रींना दाखवली, त्यांनी जुन्या टिकल्या हातात घेऊन सांगितलं, "कंडेसर गेला असनार बघा, ह्या निळ्या पडल्यात." खरंतर त्या माझ्या पॉलिश पेपरनं पडल्या होत्या, पण कंडेन्सर बदलला. बदललेला नवा कंडेन्सर इतका रद्दी निघाला की आता घाटात जायचीही गरज उरली नाही, पोवई नाक्यावरच फाटफाट आवाज करत मिसिंग मारायला लागली आणि झाकण काढून बघितलं तर पॉईंटवरच ठिणग्यांची दिवाळी. मग जुना कंडेन्सर, जो मी नशिबानं टाकून दिला नव्हता, तो परत लावला आणि गाडी गुमान पहिल्यासारखी झाली, म्हणजे पंधरा मिनिटं चालून बंद पडायला लागली. त्यानंतर कॉईलही बदलली. त्याचं वेगळं काय सांगायचं. एकावेळी एकच गोष्ट बदलावी असं म्हणतात, मी एकावेळी एकच बदलत होतो, फक्त त्यातली एकही बिघडलेली नव्हती.

खरं म्हणजे गाडी मला पहिल्या दिवसापासून सांगत होती. जुन्या बुलेटला हेडलाईटच्या डोमवर, म्हणजे पुस्तकात ज्याला कॅस्केट म्हणतात त्याच्यावर, अँपिअरचा छोटा काटा असतो. शोभेचा वाटतो, बहुतेक लोक त्याच्याकडे बघतही नाहीत, पण त्याच्याइतका खरं बोलणारा भाग गाडीत दुसरा नाही. चावी ऑन करा, लाईट बंद ठेवा आणि किक हातानं सावकाश दाबत न्या. पॉईंट चिकटलेले असले की कॉईल बॅटरीतून तीनेक अँपिअर खेचते आणि काटा मायनसकडे जरा झुकतो. पॉईंट उघडले की परत मध्यावर. झुकला, मध्यावर, झुकला, मध्यावर, असा तो श्वास घेतल्यासारखा हलत राहिला म्हणजे बॅटरीपासून पॉईंटपर्यंत करंट पोचतोय. हललाच नाही म्हणजे एक तर करंट मधेच कुठं तुटलाय, नाहीतर पॉईंट चिकटतच नाहीयेत. हे मला येत होतं, अण्णांनी दहावीच्या सुट्टीत शिकवलं होतं. फक्त आमच्या गाडीचा काटा उलटा आहे, मायनसऐवजी प्लसकडे जातो, लाईट लावली की जणू बॅटरी चार्ज होतेय असं दाखवतो, कारण कुणीतरी कधीतरी त्याच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडल्यात. अण्णा म्हणायचे, आपल्याला माहीत आहे ना, मग झालं.

तर घाटात मी काटा बघितला होता. मेलेला. हलायचं नाव नाही. आणि दोन शक्यतांपैकी मी पॉईंटची निवडली, का, तर पॉईंटचं झाकण हाताशी होतं आणि दोन स्क्रूत निघत होतं. दुसरी शक्यता शोधायला टाकी उतरवावी लागली असती.

नाही, अगदीच असं नाही, चौथ्या वेळेला मी मल्टिमीटर घेऊन गेलो होतो. बंद पडल्या पडल्या, गाडी जशी होती तशी साईड स्टँडला लावून, आईला कठड्यावर बसवून, मीटरची एक पिन इंजिनला आणि दुसरी टाकीखालच्या कॉईलच्या टोकाला. 6.2. सहा व्होल्टची बॅटरी म्हणजे तीन सेल, नीट भरलेली असली की साधारण इतकंच दाखवते. म्हणजे कॉईलपर्यंत करंट पूर्ण येतोय! मग पुढं राहिलं काय, पॉईंट! परत डबल स्टँड, परत पॉलिश पेपर, परत सुरू. आई म्हणाली, "झालं का रे?" मी म्हटलं झालं, पॉईंटच आहेत, ह्या वेळी मीटरनं मोजून बघितलंय.

तो आकडा खरा होता आणि तरी मी फसलो, हे समजायला मला पुढचे दोन दिवस लागले. मीटर स्वतः करंट जवळजवळ पीतच नाही. आतून तुटलेली वायर असली आणि तुटलेली टोकं एकमेकांना कशीबशी टेकलेली असली तरी मीटरला तेवढं पुरतं, तो पूर्ण सहा व्होल्ट दाखवून मोकळा होतो. नळाला पाणी आहे का बघायला तोटीवर बोट ठेवून बघण्यासारखं आहे ते, बोट ओलं होतं, पण खाली बादली लावली तर भरत नाही. कॉईलला तीन अँपिअर लागतात, तेवढे मागितले की त्या टेकलेल्या टोकांचा धीर सुटतो. मी मोजलं तेव्हा नेमके पॉईंट उघडे होते, म्हणजे कॉईल काही मागतच नव्हती. पॉईंट चिकटलेले असताना मोजलं असतं तरी कळलं असतं. म्हणून जुने मिस्त्री मीटर वापरत नाहीत, एक बल्ब घेतात, त्याला दोन वायरी, एक अर्थला, एक जिथं बघायचं तिथं. बल्ब पेटायला खरोखर करंट खातो. मला वाटायचं त्यांना मीटर वाचता येत नाही म्हणून बल्ब घेतात.

त्या संध्याकाळी घरी चहा पिताना मी आईला कॉईलचं सगळं शास्त्र समजावून सांगत होतो, गरम झाली की कसं होतं, निवली की कसं होतं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गरम बिरम काही नाही. डाव्या वळणाला बंद पडते ती."

मी म्हटलं, अगं योगायोग आहे, पंधरा मिनिटं होतात तोवर तिथं पोचतो आपण.

"ह्यांची पण तिथंच पडायची. घेतली तेव्हाची गोष्ट. मग हे हेडलाईटवर एक चापट मारायचे, चालू व्हायची. नंतर एकदा रात्रभर ते काढून बसले होते, सकाळी शाळेत पण उशिरा गेले. त्यानंतर कधी नाही पडली."

चापट मला आठवत होती. पण मला वाटायचं तो अण्णांचा राग आहे. वर्गात बाकावर डस्टर आपटायचे तशी.

आई पंचवीस वर्षं त्या गाडीच्या मागं बसली. गिअर कितवा, प्लग कुठला हे तिला माहीत नाही, पण मागं बसणाऱ्याला रस्ता बघण्यापलीकडे काम नसतं. गाडी कुठं थांबली हे तिच्या ध्यानात राहिलं, मला किती वेळानं थांबली तेवढंच दिसलं. आणि एकदा वळण म्हटल्यावर बाकीचं धडाधड जुळत गेलं. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून घाटातलं डावं वळण आतल्या अंगाचं, आवळलेलं, तिथं वेग कमी आणि हँडल जवळजवळ पूर्ण डावीकडे फिरवावं लागतं. उजवं वळण बाहेरून मोठं घेता येतं. वेगात असताना तर गाडी नुसती कलते, हँडल फारसं फिरतच नाही. साताऱ्यात आमच्या घरापासून त्या वळणापर्यंत हँडल एवढं डावीकडे फिरवायची वेळच येत नाही. आणि बंद पडली की साईड स्टँडला हँडल डावीकडेच पडून राहतं. पॉईंट घासायला मी गाडी डबल स्टँडला घेत होतो, हँडल सरळ करत होतो. सुरू होत होती ती त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी उतरवली. जुन्या टेल लॅम्पचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी डाक लावून जोडल्या, एक इंजिनच्या नटाला, एक कॉईलच्या टोकाला. चावी ऑन. बल्ब पेटला, पिवळाधमक. आई दारात येऊन उभी राहिली. हँडल उजवीकडे नेलं, पेटलेलाच. सरळ आणलं, पेटलेला. डावीकडे न्यायला लागलो, अर्ध्याच्या पुढं गेलं तसा तो एकदा मिचमिचला, लाल झाला, विझला. तिथंच मीटर लावून बघितला. 6.1! विझलेला बल्ब काढून ठेवला आणि मीटर म्हणतोय सहा व्होल्ट आहेत. परत बल्ब, अंधार. हँडल उजवीकडे, उजेड. मी ते लहान पोरासारखं सात-आठ वेळा केलं. आई म्हणाली, "बॅटरी उतरेल की."

मग हेडलाईटची रिम काढली आणि डोमच्या आत टॉर्च मारून बघितलं. ज्यांनी जुन्या गाडीचा डोम उघडलाय त्यांना माहीत आहे आत काय असतं. मूळ वायरिंगचा एखादाच तुकडा, कापडी वेष्टणाचा, रंग उडालेला. बाकी सगळी भर. घरातल्या पंख्याची निळी वायर. स्पीकरची पारदर्शक वायर, त्यातलं तांबं हिरवं पडलेलं. एका जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, एकाला दवाखान्यातली चिकटपट्टी. रंगांवर विश्वास ठेवायची सोय नाही. तशी ती कुठल्याच जुन्या गाडीत नसते, लुकास नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत तर लाल वायर म्हणजे अर्थ असायची, आणि आपल्याकडच्या माणसाला लाल दिसली की तो प्लसला जोडणार. 1955 साली मद्रास मोटर्स आणि बुलेटची मूळ कंपनी, इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एन्फिल्ड, एकत्र आल्या आणि एन्फिल्ड इंडिया झाली, पुढं 1967 ला रेडिचचा कारखानाच बंद पडला पण मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला जवळपास तीच गाडी निघत राहिली, त्यामुळं नकाशा शोधायला गेलं की ब्रिटिश मिळतो आणि गाडी निघते आपल्या मिस्त्रींनी लिहिलेली. नकाशा एका भाषेत, गाडी दुसऱ्या.

ह्या सगळ्या गर्दीतून इग्निशनची वायर डोममधून निघून मानेजवळून, म्हणजे हँडल जिथं फिरतं तिथून, खाली कॉईलकडे जाते. आणि त्या वायरवर, डोमच्या आत, एक जोड होता तो दोऱ्यानं बांधलेला. पांढरा दोरा, मळून तपकिरी झालेला, पण गाठ ओळखता येत होती. परीक्षेत पुरवणी बांधायला देतात तो दोरा. अण्णांच्या खिशात तो बाराही महिने असायचा. आधी तारा पिळलेल्या, त्यावर टेप, आणि टेप सुटू नये म्हणून दोन्ही टोकांना दोऱ्याचे वेढे, अगदी पेपर बांधावा तशी वर आवळलेली गाठ. दिसायला भयंकर. तो जोड मी दोन वर्षांपूर्वीही बघितला होता आणि चालतोय म्हणून ठेवला होता, त्याच्यात आजही काही बिघाड नव्हता, ओढून बघितला, दगडासारखा.

बिघाड त्याच्यापासून चार बोटं पुढं होता. तिथं माझा काळा केबल टाय होता.

अण्णांनी जोडाच्या पुढं वायरीची एक मोठी ढील सोडलेली होती, बोंबलासारखी लोंबणारी, डोममधून बाहेर येऊन मानेपाशी वळसा घेऊन आत जाणारी. मला ते गबाळं वाटलं. मी ती ढील ओढून घेतली, सगळ्या वायरी सरळ एका जुडीत आणल्या आणि फ्रेमला टाय मारून घट्ट आवळली. फोटोत फार छान दिसत होतं. पण हँडल डावीकडे फिरलं की डोम फिरतो, फ्रेम फिरत नाही, आणि ढील नसली की तेवढी ओढ वायर कुठून देणार? दोन वर्षं प्रत्येक वळणाला ती टायच्या काठावर एकाच जागी वाकत राहिली आणि आतल्या तारा एकेक करून तुटल्या. वरचं प्लॅस्टिक शाबूत. बोटात धरून वाकवली तेव्हा कळलं, बाकी वायर ताठ आणि तेवढीच जागा मऊ, आतून पोकळ असल्यासारखी. ब्लेडनं सोलली तर तांब्याची सगळी टोकं तुटून काळी पडलेली, एकमेकांना नुसती टेकून उभी.

मी टाय कापला. आईनं विचारलं, सापडलं का. मी म्हटलं, सापडलं. काय होतं? म्हटलं, वायर तुटली होती. कुणी तोडली हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आज इथं सांगतोय.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. बारीक तारांची गाडीचीच वायर घेतली, घरातली जाड एकेरी तार अशा जागी वापरू नये, ती तर महिन्यात मोडेल. डाक लावायचा मोह आवरला, कारण डाक जिथं संपतो तिथं वायर कडक होते आणि हादऱ्यानं पुन्हा तिथंच तुटते, त्यापेक्षा क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, वर स्लीव्ह घातली. अण्णांचा जोड ठेवला. ढील सोडली, त्यांच्याइतकीच, मग अजून जरा जास्त. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठं ताणत नाही ना ते बघितलं.

उघडलंच आहे तर अजून एक काम केलं, डोमपासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत एक जाड वायर टाकली. हे काम कुणीही करावं असं आहे. हेडलाईटचा करंट परत येताना मानेच्या बेअरिंगमधून येत असतो, म्हणजे ग्रीसनं माखलेल्या छर्ऱ्यांमधून. समजा तिथं अर्धा ओहम अडथळा आहे. बारा व्होल्टच्या गाडीत 24 वॅटच्या बल्बला त्याचं फारसं काही वाटत नाही, बारावा-तेरावा हिस्सा जातो. तोच 24 वॅटचा बल्ब सहा व्होल्टचा असेल तर तो दुप्पट करंट मागतो आणि व्होल्टेजचा चौथा हिस्सा त्या छर्ऱ्यांतच संपतो. मग आपण म्हणतो जुन्या बुलेटची लाईट म्हणजे समई. समईच असते, पण आमची आता कंदिलापर्यंत आलीय.

अँपिअरच्या काट्याच्या मागचे दोन नट समोरच दिसत होते. पाना हातात होता. दोन मिनिटांत सुलटा झाला असता. म्हटलं नको, एक काम नीट झालंय तेवढ्यावर थांबू, माझ्या नीटनेटकेपणाचा अनुभव ताजा होता.

शेवटच्या श्रावणी सोमवारी परत निघालो. राजवाड्यावर बेल घेतला. घाट लागला, मी दुसऱ्या गिअरला, कान सगळे इंजिनकडे. ते वळण आलं, हँडल पूर्ण डावीकडे, डुग डुग डुग डुग, गेली की निघून! मी मागं वळून आईकडे बघितलं तर ती म्हणाली समोर बघ.

आणि दोन वळणं पुढं, बंद. तसाच फुसका आवाज. माझ्या पोटात गोळा आला. कडेला घेतली. आई न सांगताच उतरली आणि कठड्याकडे चालायला लागली, सवयीनं. मी चावी ऑन ठेवली, किक हातानं सावकाश दाबत काट्याकडे बघत राहिलो. काटा प्लसकडे गेला, म्हणजे आमचा मायनस. मध्यावर आला. परत गेला. परत आला. करंट पोचतोय. मग? मग डोक्यात उजेड पडला, टाकी उतरवली तेव्हा पेट्रोल बाटलीत काढलं होतं, ते परत ओतलं पण नवीन भरायचं राहून गेलं. खाली वाकून नळ रिझर्व्हवर फिरवला आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरायची वाट बघत उभा राहिलो.

आई कठड्यावरून बघत होती. म्हणाली, "अरे चापट मार की."

म्हटलं अगं पेट्रोल संपलंय, त्याचा चापटीशी काय संबंध.

"मार तर."

मारली. किक मारली. सुरू झाली.

"बघ," आई म्हणाली, आणि पिशवी सांभाळत मागं बसली.